उजवा गुडघा आणि शिकागोचं तिकीट

पत्र : ताई, आम्ही दोघं कोथरूडला राहतो. ह्यांचं वय ७१, माझं ६६. मुलगी शिकागोला असते, जानेवारीत तिचं बाळंतपण आहे, म्हणून डिसेंबरच्या मध्यावर निघायचं ठरतंय. दोघांचेही व्हिसा झालेत. ह्यांचा उजवा गुडघा ऑपरेशनविना कसाबसा चाललाय, पण तासभर एका जागी बसले की उठताना भिंतीचा आधार लागतो. मला साखर आहे, गोळ्यांवर आहे. आम्ही शाकाहारी, अंडंही चालत नाही. जावयांनी एक भलामोठा तक्ता पाठवलाय, त्यात पाच कंपन्यांना तारे दिलेत. शेजारच्या वहिनी म्हणतात, एमिरेट्सशिवाय जाऊच नका. माझा भाऊ म्हणतो, कतार. आणि हे म्हणतात, आपलं एअर इंडिया बरं, निदान बोललेलं तरी कळेल. दरात वीस-पंचवीस हजारांचा फरक पडला तर सोसू, पण बिझनेस क्लास आवाक्याबाहेरचा. आरामात आणि मानाने पोचवणारी कंपनी कोणती, एवढंच सांगा.
— होऊ घातलेली आजी, कोथरूड

उत्तर :

ताई, आधी अभिनंदन. आणि पत्रात उजवा गुडघा असं स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल आभार. लोक नुसतं ‘ह्यांना गुडघेदुखी आहे’ लिहितात आणि मग मला फोन करून विचारावं लागतं, कुठला?

जावयांचा तक्ता फाडू नका, जावई आहेत. पण बाजूला ठेवा. तारे मिळतात कंपनीला आणि तुम्ही बसणार एका खुर्चीत. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढण्यात माझी चोवीस वर्षं गेली. एकाच कंपनीने गेलेल्या दोन बहिणींपैकी एक ‘स्वर्ग होता’ म्हणत परत आलेली आणि दुसरी कंबर धरून आलेली मी पाहिली आहे. दोघी खरंच बोलत होत्या. विमानं वेगळी होती.

तेव्हा कंपनीच्या आधी विमान बघा. तिकीट काढताना फ्लाइट नंबरच्या आसपास बारीक अक्षरात विमानाचं नाव किंवा तीन खुणांचा कोड असतो, तो कोणी वाचत नाही. ७७डब्ल्यू म्हणजे बोइंग ७७७, ३५९ म्हणजे एअरबस ए-३५०, ७८९ म्हणजे बोइंग ७८७, ३८८ म्हणजे ते दुमजली ए-३८०. आता ह्या ७७७ मध्ये इकॉनॉमीला एका रांगेत पूर्वी नऊ खुर्च्या असायच्या, ३-३-३. पुढे बहुतेक कंपन्यांनी त्याच रुंदीत दहावी खुर्ची कोंबली, ३-४-३. एमिरेट्स आणि कतारची ७७७ तशीच आहेत. सिंगापूर एअरलाइन्सने मात्र नऊच ठेवल्या. दहाच्या रांगेत खुर्ची साधारण १७ इंचांची होते, तर ए-३५० मध्ये नऊच्या रांगेत ती १८ च्या आसपास असते. ब्लाउजात एक इंच कमी पडला तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि हा ब्लाउज पंधरा तास घालायचाय. शेजारच्या वहिनींचा शब्द खोटा नाही, पण त्या बहुधा दुबईपर्यंत किंवा लंडनला दुमजली ए-३८० ने गेल्या असतील. त्यात खुर्ची रुंद असते आणि विमान शांत. दुबईहून शिकागोला जातं ते ७७७.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण उतरल्यावर पायांना कळते. विमान ३५-४० हजार फुटांवर असलं तरी आतली हवा दाबून खालच्या उंचीइतकी केलेली असते. जुन्या धाटणीच्या विमानांत ती आठ हजार फुटांपर्यंत जाऊ शकते, ७८७ आणि ए-३५० मध्ये सहा हजारांच्या आसपास राहते. आपलं कळसूबाई साधारण ५,४०० फूट. म्हणजे नव्या विमानात तुम्ही कळसूबाईच्या जरा वर बसून प्रवास करता आणि जुन्यात त्याहून अडीच हजार फूट वर. त्यात हवा कोरडी ठणठणीत. पाऊल सुजणं, डोकं जड होणं, घसा सुकणं ह्याचं बरंचसं कारण इथे आहे, हवाईसुंदरीच्या हसण्यात नाही.

आता प्रवास कुठे मोडायचा ते बघू. तुमच्या बाबतीत मला हाच सगळ्यांत मोठा प्रश्न वाटतो आणि जावयांच्या तक्त्यात त्याला रकानाच नसणार.

आखाती कंपनीने गेलात, दुबई, दोहा, अबू धाबी कुठूनही, तर मुंबईहून पहिला टप्पा तीनेक तासांचा आणि दुसरा चौदा-पंधरा तासांचा. पहिलं विमान बहुधा मध्यरात्रीनंतरचं. चढलात, ताट आलं, जेवलात, डोळा लागतोय तोवर ‘पट्टे बांधा’. पहाटे परक्या विमानतळावर झोपमोड झालेल्या अवस्थेत दोन-तीन तास, आणि मग खरा डोंगर. युरोपमार्गे गेलात तर साडेआठ-नऊ तास आणि पुन्हा नऊ-साडेनऊ. प्रवास जवळजवळ मधोमध मोडतो. पहिला टप्पा रात्रीचा, त्यात सहा तास सलग झोप मिळू शकते. मध्ये पाय मोकळे करायला तीन तास. गुडघ्याला तासांच्या बेरजेशी काही देणंघेणं नसतं, सलग किती बसलो ते तो मोजतो.

पण आखाती कंपन्यांना कमी लेखू नका. खाणंपिणं आणि अगत्य ह्यात त्या युरोपीय कंपन्यांच्या पुढेच आहेत, हे मी बिनदिक्कत लिहीन. आपल्या लोकांची रहदारी इतकी, की शाकाहारी म्हणजे नक्की काय हे त्यांना समजावत बसावं लागत नाही. आणि अबू धाबीची एक खास सोय आहे. २०१४ पासून तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्याआधीच होतं. एतिहादने गेलात तर शिकागोला उतरताना तुम्ही पुण्याहून नागपूरला उतरल्यासारखे बाहेर पडता. पंधरा तास बसून आल्यावर ओहेअर विमानतळावरच्या त्या सापासारख्या रांगेत उभं राहणं ज्यांनी केलंय, त्यांना ह्याची किंमत कळेल. मात्र मधला वेळ अडीच-तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका, कारण ती सगळी तपासणी तिथे होते.

एक सावधगिरी. २३ जून २०२५ ला कतारने आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं होतं, आणि तेवढ्यात वाटेतली विमानं भलतीकडेच उतरली. तो भाग तसा आहे. तिकीट काढताना आणि निघायच्या आठवड्यात बातम्यांवर एक नजर असू द्या.

एअर इंडियाबद्दल तुमच्या ह्यांचं म्हणणं मला पटतं, अर्धं. दिल्लीहून शिकागोला थेट विमान आहे. पुण्याहून दिल्ली आणि तिथून शिकागो असं एकाच तिकिटावर गेलात तर घाट, एक्स्प्रेस वे, सगळं टळतं, आणि मोठ्या टप्प्यावर विमान बदलायचं नाही. बोललेलं कळतं, कढी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे गेल्यापासून कंपनीने नवी ए-३५० विमानं आणली आणि जुन्यांच्या खुर्च्या बदलायचं कामही काढलंय. पण बदललेली आणि न बदललेली विमानं एकाच वेळी उडताहेत, आणि आपल्या वाट्याला कुठलं येतंय हे शेवटपर्यंत पक्कं नसतं. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं तेव्हापासून पश्चिमेकडची विमानं वळसा घालतात, काही तर इंधनासाठी वाटेत युरोपात थांबली. थेट म्हणून घेतलेलं तिकीट आणि थांबायचं मात्र विमानातच, उतरायचंही नाही, हे ह्यांच्या गुडघ्याला कसं पटावं? त्यात तुम्ही निघणार डिसेंबरात, दिल्लीच्या ऐन धुक्यात. पुण्याचं विमान दिल्लीला उतरेना, तर पुढचं सगळं कोसळतं. मार्चमध्ये निघाला असतात तर मी कदाचित वेगळं लिहिलं असतं.

मुंबईहून निघायचं असेल तर तुमचा प्रवास सहारला नाही, कोथरूडला सुरू होतो, हे विसरू नका. लोहगावला नवं टर्मिनल आलं, छान आहे, पण लांब पल्ल्याचं एकही विमान तिथून सुटत नाही. रात्री दोन-तीनचं विमान असेल तर संध्याकाळी सहाला घर सोडावं लागतं. शुक्रवारची संध्याकाळ तर मुळीच घेऊ नका, खंडाळ्याच्या घाटात अख्खं पुणे अडकलेलं असतं. मी मंगळवार-बुधवारची तिकिटं सुचवते. दुपारी जेवून ह्यांना दोन तास आडवं होऊ द्या आणि गाडीत पुढची सीट त्यांना. जमलं तर विमानतळाजवळ अर्धा दिवस खोली घ्या. तुमचा वीस हजारांचा फरक सोसायची तयारी आहे ना, त्यातले काही हजार इथे घातलेत तर जास्त सार्थकी लागतील.

आता खुर्ची. इथे तो उजवा गुडघा कामाला येतो. आइल सीट, म्हणजे चालायच्या बोळाकडची खुर्ची, घ्या एवढं सगळेच सांगतात, पण कुठल्या बाजूची ते सांगत नाहीत. उजवा पाय लांब करायचा असेल तर उजवीकडे बोळ हवा. समोर तोंड करून बसल्यावर डाव्या तिघांच्या गटातली बोळाकडची खुर्ची, किंवा मधल्या गटातली उजव्या टोकाची. उलट्या बाजूला बसलात तर डावा पाय मोकळा आणि दुखरा पाय शेजाऱ्याच्या मांडीला. (फक्त जेवणाची ढकलगाडी येते तेव्हा पाय आत, नाहीतर गुडघ्याच्या जोडीला घोटाही.) तुम्ही त्यांच्या शेजारी मधल्या खुर्चीत बसा, परक्या माणसाला दर तासाला उठवायला ते संकोचतील, तुम्हाला नाही.

पुढच्या भिंतीसमोरची रांग मोकळी दिसते म्हणून लोक पैसे भरून घेतात. तिथे हात टेकायची दांडी वर होत नाही, पर्स पायाशी ठेवू देत नाहीत, आणि पाळणे तिथेच लागतात. तुम्हाला बाळाचा आवाज ऐकायचाच आहे, पण स्वतःच्या नातवंडाचा. आपत्कालीन दाराजवळच्या जागा ह्यांना मिळणारच नाहीत. व्हीलचेअर मागितलेल्या माणसाला तिथे बसवत नाहीत.

प्रीमियम इकॉनॉमीचा विचार जरूर करा. बिझनेस नव्हे, पण दोन रांगांमधलं अंतर साध्या इकॉनॉमीच्या ३१-३२ इंचांऐवजी ३८ च्या आसपास असतं आणि खुर्चीही रुंद. जर्मनीची लुफ्तान्सा, एमिरेट्स, एअर इंडिया, सिंगापूर ह्यांच्याकडे काही विमानांत हा वर्ग आहे. कतार आणि एतिहादकडे नाही. भावाला हे सांगा, तो गप्प बसेल. पैसे दोन्ही टप्प्यांना पुरत नसतील तर ज्या टप्प्याला तास जास्त, तिथे घाला.

जेवणाचं बोलते. माझ्या भाच्याने एकदा माझं तिकीट काढलं आणि प्रेमाने ‘व्हीगन’ वर, म्हणजे दूध-दहीही न चालणाऱ्या जेवणावर, खूण केली. त्याला वाटलं, व्हेज म्हणजे तेच. रात्री दीडला ट्रे आला. उकडलेली गाजरं, त्याखाली भगरीसारखं काहीतरी, वर मीठ नाही, तांदळाचा एक कोरडा पापड आणि वाटीभर खरबूज. शेजारचे काका राजमा-चावल खात होते, वर दही. तेरा तास मी त्या काकांचा द्वेष केला. तेव्हा ध्यानात ठेवा : तुम्हाला हवं त्याचं नाव ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘हिंदू व्हेजिटेरियन’, कोड एव्हीएमएल. त्यात भारतीय मसाल्याचं शाकाहारी, दूध-दही चालतं. नुसतं ‘लॅक्टो-ओव्हो’ घेतलंत तर अंडं येईल. कांदा-लसूणही नको असेल तर जैन, व्हीजेएमएल. आणि साखर आहे म्हणून डायबेटिक मील मागवू नका, त्यात कोंबडी येऊ शकते. एव्हीएमएल सांगा आणि गोड बाजूला ठेवा. हे किमान दोन दिवस आधी नोंदवायचं, आणि दोन्ही टप्प्यांसाठी वेगवेगळं दिसतंय का ते बघायचं. वर चव मंदावते, कोरड्या हवेने आणि आवाजाने मीठ आणि गोड दोन्ही कमी लागतं. म्हणून पर्समध्ये दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि खाकरे हवेतच. गोळ्यांच्या वेळेला ट्रेची वाट बघत बसू नका.

‘मानाने’ असं तुम्ही लिहिलंत. तो मान विमानात फारसा पणाला लागत नाही. तिथे पाणी मागितलं की मिळतं, आज ना उद्या. तो लागतो जमिनीवर. आईला घेऊन गेले होते तेव्हा एका विमानतळावर, नाव नको, आम्हाला व्हीलचेअरसकट एका खांबाजवळ उभं करून मदतनीस ‘आत्ता येतो’ म्हणून गेला. पन्नास मिनिटं. आईला बाथरूमला जायचं होतं. मी खुर्ची ढकलायला लागले तर चाकाचा ब्रेक कुठे आहे तेच सापडेना. तो मागच्या चाकाला पायाने दाबायचा असतो, हे मला एका सफाईवाल्या बाईंनी दाखवलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, खुर्चीत बसताच ब्रेक कुठे ते बघून घ्या.

व्हीलचेअर फुकट असते, पण ४८ तास आधी सांगावी लागते, आणि तिच्यातही प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नाहीत, आतमध्ये मात्र चालतो. ह्यांच्यासाठी दुसरा मागा, नाहीतर कुठे शिडीने उतरवलं तर पंचाईत. व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यांत शेवटी उतरवतात, म्हणून दोन विमानांमध्ये सव्वा तास असलेलं स्वस्त तिकीट दाखवलं तर हात जोडा. तीन तास हवेत. आणि संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, एकाच बुकिंग नंबरवर हवा. दोन वेगळी तिकिटं जोडून चार पैसे वाचतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही.

ह्या बाबतीत युरोपीय कंपनीचा एक फायदा फार कमी लोकांना ठाऊक असतो. तिकडच्या कायद्याने, कंपनीच्या चुकीने लांब पल्ल्याच्या प्रवासात पोचायला चार तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते, शिवाय वाटेत जेवण आणि गरज पडली तर हॉटेल. हवामानामुळे उशीर झाला तर पैसे नाहीत, पण जेवण-हॉटेल आहेच.

तर मी तुमच्या जागी असते तर लुफ्तान्साने म्युनिकमार्गे गेले असते, दोन्ही टप्प्यांवर ए-३५० मिळत असेल तर डोळे झाकून. म्युनिकला त्यांचं सगळं टर्मिनल २ मध्ये आहे, फ्रँकफुर्टसारखी पायपीट नाही. अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यावर तिथे वेगळा ट्रान्झिट व्हिसा सहसा लागत नाही, तरी कंपनीकडून एकदा लेखी विचारून घ्या. अगत्य जरा कोरडं असेल. ‘काकू, अजून थोडं घ्या ना’ असं कोणी म्हणणार नाही. म्युनिकचं जमत नसेल तर एतिहाद, अबू धाबीच्या त्या इमिग्रेशनसाठी. तिसरं नाव मागू नका.

डॉक्टरांना भेटून पायात घालायचे घट्ट मोजे घ्यायचे का ते विचारा. चार तासांपुढे बसून राहिलं की पायात रक्त साकळायचा धोका वाढतो, आणि ह्यांना दर दीड तासाला मागच्या पँट्रीपर्यंत चालवून आणायची जबाबदारी तुमची. दोघांची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, पॉवर बँकही तिथेच. सामान बघून तिकीट घ्या. हल्ली स्वस्त दरात एकच बॅग असते किंवा तीही नसते, तुम्हाला माणशी २३ किलोच्या दोन हव्यात.

आणि आता डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला, बाळंतशेपा. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या पिशवीत ३५० मिलीहून जास्त पूड असली की उघडून तपासतात, नाहीतर काढून घेतात. मेतकुटाला ते लोक काय समजतील, ह्यावर वाद घालायची ती जागा नाही. पुड्या सगळ्या मोठ्या बॅगेत. खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या कुठल्याच बॅगेत नकोत, त्यातल्या तेलामुळे त्या विमानात नेऊ देत नाहीत. किसून, भाजून लाडवात गेल्या की प्रश्न मिटला. उतरताना फॉर्मवर किंवा तोंडी विचारलं की खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगून टाका, लपवू नका. पर्समधलं केळं विमानातच संपवा.